मिरगाआधी कुंड्या पडवीत घ्या, आणि एक फांदी शेजारी द्या

मालवण : मे महिना सरत आला की मालवण तालुक्यात घरोघरी आगोटीची धावपळ सुरू होते. लाकडं पडवीत रचली जातात, सुकी मासळी आणि आमसुलं डब्यात बंद होतात. या गडबडीत खळ्याच्या कठड्यावरच्या कुंड्या मात्र तशाच राहतात. मग मिरग लागतो आणि वर्षभर सांभाळलेली कोरफड, ॲडेनियम, छोटे निवडुंग ऑगस्टपर्यंत बुंध्यापासून मऊ पडून जातात. ‘एवढं पाणी मिळून मेलं कसं?’ हा प्रश्न दरवर्षीचा. उत्तर त्या प्रश्नातच आहे. ती झाडं पाण्यावाचून मेलेली नसतात, पाण्यानंच मेलेली असतात.

जाड पानांमागचं गणित

कोरफड, पानफुटी, निवडुंग, शेर, जेड, स्नेक प्लांट या सगळ्यांना नर्सरीत सरसकट ‘सक्युलंट’ म्हणतात. पान किंवा खोड जाड, आणि त्यात पाणी साठवलेलं, ही त्यांची ओळख. यातली बरीचशी झाडं दिवसा पानांवरची सूक्ष्म छिद्रं मिटून घेतात आणि रात्री गारव्यात उघडतात. त्यामुळे भर उन्हात पाणी उडून जात नाही. निवडुंग मूळचे अमेरिकेतले, ॲडेनियम आफ्रिका-अरबस्तानकडचं. कमी पावसाच्या मुलखात जगायला ही झाडं तयार झालेली आहेत.

सिंधुदुर्गात वर्षाला सरासरी 3,000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच. कुंडीतली माती सतत चिंब राहिली की मुळांना हवा मिळत नाही, बुरशी लागते आणि कुज वर चढत जाते. वरची पानं टवटवीत दिसत असतात, म्हणून कळायला उशीर होतो.

माती हलकी, कुंडीला भोक मोठं

उपाय महागडा नाही. एक भाग माती, एक भाग जाड वाळू आणि एक भाग चिऱ्याची बारीक खडी असं मिश्रण करावं. चिऱ्याचे तुकडे आपल्याकडे बांधकामाच्या जागी सहज मिळतात. किनाऱ्यावरची वाळू मात्र थेट वापरू नये, तिच्यातलं मीठ मुळं जाळतं. नारळाच्या काथ्याचा भुसा पाणी धरून ठेवतो. तो मोगऱ्याला चालतो, सक्युलंटला नको.

पावसाळ्यात या कुंड्या पागोळ्यांपासून दूर, पण उजेड येईल अशा पडवीत ठेवाव्यात. हवाच एवढी दमट असते की मोठ्या पानांच्या झाडांना महिन्यात एखाददुसऱ्या वेळी थोडं पाणी पुरतं. एरवी बोट दोन पेरं मातीत घालून बघावं. ओल लागली तर पाणी घालायचं नाही. पानांच्या बेचक्यात कापसासारखा पांढरा पिठ्या ढेकूण दिसला, तर साबणाच्या पातळ पाण्यानं पुसून काढावा. मासळी धुतलेलं पाणी गुलाब-मोगऱ्याला अधूनमधून घालतात, पण मीठ लावलेल्या मासळीचं पाणी कुठल्याच कुंडीत ओतू नये.

वासाची झाडं उलट्या स्वभावाची

मोगरा, जुई, कुंद, अनंत, रातराणी यांना पाऊस मानवतो. त्यांना हवं असतं ते ऊन. मोगऱ्याला दिवसाला पाच-सहा तास ऊन मिळालं नाही तर नुसता पाला वाढतो. डिसेंबर-जानेवारीत पाणी कमी करून छाटणी केली आणि मग शेणखत घातलं, की उन्हाळ्यात नव्या फुटीवर कळे धरतात. कुंद थंडीत फुलतो, जुई पावसाळ्यात. तीन-चार कुंड्या नीट निवडल्या तर बारा महिने घरात कुठला ना कुठला वास असतो.

मोगरा आणि रातराणी संध्याकाळनंतर जास्त दरवळतात. रात्रीच्या अंधारात पतंगांना फूल दिसण्याआधी वास पोचतो, म्हणून अशी बरीच फुलं पांढरी आणि वासाची असतात.

आपल्या भागाची खास सुरंगी मात्र कुंडीतली नव्हे. तिचा मोठा वृक्ष होतो आणि वेंगुर्ले तालुक्यात आरवली, सोन्सुरे भागात तिच्या कळ्यांवर अनेक घरांचं हंगामी उत्पन्न चालतं. सोनचाफा हवा असेल तर कलमी घ्यावा. कुडाळमध्ये निवडलेली ‘वेलणकर’ ही जात लहान असतानाच फुलते, त्यामुळे मोठ्या पिंपातही लावता येते.

दोन्ही गुण एकाच झाडात बघायचे असतील तर देवळाच्या आवारातला खुरचाफा बघावा. फांदी जाड, पाणी साठवणारी. उन्हाळ्याच्या तोंडाला पानं गळालेली, तरी टोकाला फुलं आणि वास. खाऱ्या वाऱ्यातही तो तग धरतो.

वाटलेलं झाड हरवत नाही

‘काकी, माका ह्येची एक फांदी दी गे,’ असं म्हणत कुंपणापाशी थांबणारी माणसं गावोगाव आहेत. ही नुसती हौस नव्हे, झाडाचा तो विमा आहे. देवबाग, तारकर्ली, दांडीसारख्या किनारपट्टीवर खारा वारा पानं करपवतो. 16 मे 2021 रोजी तौक्ते चक्रीवादळ या किनाऱ्याजवळून गेलं, तेव्हा माड-आंबे उन्मळून पडले, तिथं कठड्यावरच्या कुंड्यांचं काय! पण त्याच झाडाची एक फांदी कट्टा, पेंडूर किंवा मसुऱ्यात नातेवाइकांकडे रुजलेली असेल, तर ती परत मागता येते. (वादळ सरल्यावर झाडं गोड्या पाण्यानं धुवावीत, म्हणजे पानांवरचं मीठ निघून जातं.)

देवाणघेवाणीचे हंगाम दोन. मोगरा, जुई, कुंद यांच्या फांद्या मिरगानंतर पावसात लावाव्यात. मोगरा-जुईची वेल मातीत दाबूनही रोप होतं. सक्युलंटची वाटणी दिवाळीनंतर करावी. कोरफड आणि स्नेक प्लांटचे फुटवे मुळांसकट सुटे होतात, पानफुटीचं एक पान ओल्या मातीवर ठेवलं तरी कडेनं रोपं येतात. चाफ्याची, निवडुंगाची फांदी कापल्यावर आठवडाभर सावलीत सुकू द्यावी आणि चीक आटून काप कोरडा झाल्यावरच लावावी. ओली फांदी थेट मातीत खुपसली की ती हमखास कुजते.

दोन गोष्टी पाळाव्यात. शेर, निवडुंग, चाफा कापताना चीक डोळ्यांत जाऊ देऊ नये. ॲडेनियम विषारी आहे, ते मुलांच्या आणि गुरांच्या तोंडी लागेल असं ठेवू नये. दुसरं, सड्यावरची किंवा कड्यावरची रानझाडं उपटून कुंडीत आणू नयेत. शिंदळ माकुडी ही सह्याद्रीतली जाड खोडाची वनस्पती महाराष्ट्राबाहेर रानात कुठेच आढळत नाही आणि इथंही मोजक्या कड्यांवर उरली आहे. एकेक रोप उचललं गेलं तरी अशा झाडांना ते परवडत नाही. वाटायचं ते आपल्या कुंडीतलं.

मिरगाला 7 जूनच्या सुमारास सुरुवात होते. लाकडं रचून झाली की कठड्यावरच्या जाड पानांच्या कुंड्या आत घ्याव्यात, मोगऱ्याच्या तिथंच पावसात राहू द्याव्यात. आणि पाऊस रुजला की त्याच मोगऱ्याची एक फांदी शेजारच्या खळ्यात पोचती करावी.