दलाल, आडनाव आणि सातबारा

महाराष्ट्रात स्थावर मालमत्तेच्या दलालाला आता परीक्षा द्यावी लागते. महारेराने जानेवारी २०२३ मध्ये आदेश काढला आणि नोंदणीकृत दलालांना २० तासांचे प्रशिक्षण व त्यानंतरची परीक्षा सक्तीची केली. कायदा, नोंदणी, करारनामा आणि ग्राहकाला द्यायची माहिती यांवर या प्रशिक्षणाचा भर आहे, आणि तो योग्यच आहे. सदनिका घेणाऱ्याची फसवणूक टाळणे हाच रेरा कायद्याचा मूळ हेतू. परंतु हा सारा विचार इमारतीभोवती फिरतो. गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात दलालाच्या हातात बहुधा इमारत नसते. त्याच्या हातात धानाची बांधी असते, रस्त्यालगतचा पडीक तुकडा असतो, नाहीतर भाड्याची एक खोली असते. तिथे त्याला लागणारे ज्ञान निराळे आहे.

परदेशात या ज्ञानाला ‘सांस्कृतिक वैविध्याचे प्रशिक्षण’ असे भारदस्त नाव आहे. त्याचा इतिहास मात्र भारदस्त नाही. अमेरिकेतील दलालांच्या राष्ट्रीय संघटनेने १९२४ साली आपल्या आचारसंहितेतच लिहून ठेवले होते की, ज्यांच्या येण्याने वस्तीतील मालमत्तेच्या किमती पडतील अशा वंशाच्या वा राष्ट्रीयत्वाच्या माणसांना दलालाने तिथे आणू नये. म्हणजे भेदभाव हा कुणा दलालाचा खासगी दुर्गुण नव्हता. ती धंद्याची नीती होती. १९६८ च्या फेअर हाउसिंग कायद्याने तो बेकायदा ठरवला, त्यानंतर वर्ग भरू लागले, प्रमाणपत्रे मिळू लागली. ‘न्यूजडे’ या दैनिकाने लाँग आयलंड भागात ९३ दलालांकडे छुपे परीक्षक पाठवले. सारख्याच ऐपतीची माणसे, फक्त वंश वेगळा. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या शोधमालिकेत कृष्णवर्णीय परीक्षकांना ४९ टक्के चाचण्यांत असमान वागणूक मिळाल्याचे पुरावे होते. नकार कुणीच तोंडावर देत नव्हते. घरे दाखवली जात होती, फक्त वेगळ्या वस्तीतली. वार्ताहर प्रशिक्षणाच्या वर्गांतही जाऊन बसले होते आणि तिथला दर्जा त्यांना फारसा बरा आढळला नाही.

आपल्याकडे इतक्या आडून जाण्याची गरज पडत नाही. ‘आडनाव काय?’ हा प्रश्न सरळ विचारला जातो, आणि त्यापाठोपाठ ‘खाण्यापिण्याचं कसं?’ हाही. बडोद्याच्या पारशी धर्मशाळेत डॉ. आंबेडकरांना जे सोसावे लागले ते मराठी वाचकाला नव्याने सांगायला नको. ज्या चंद्रपुरात १६ ऑक्टोबर १९५६ रोजी त्यांनी धम्मदीक्षेचा सोहळा केला, त्या शहरातही खोली शोधणारा विद्यार्थी या दोन प्रश्नांपासून सुटलेला नाही. गडचिरोलीत २०११ साली गोंडवाना विद्यापीठ आले. भामरागड, एटापल्ली, कोरचीकडची मुले शिकायला शहरात येऊ लागली. वसतिगृहात जागा न मिळालेल्या आदिवासी विद्यार्थ्याला शासनाच्या स्वयम् योजनेतून निवास-भोजनाचे पैसे थेट खात्यात मिळतात. पण खात्यातल्या पैशाने खोली मिळत नाही. खोली घरमालक देतो आणि अनेकदा मधला माणूस दाखवतो. ‘मालकाला चालणार नाही’ हे मधल्या माणसाचे आवडते वाक्य. मालकाला विचारण्यापूर्वीच ते उच्चारले जाते, म्हणून ते अधिक घातक. रेराखालील नोंदणीत प्रकल्पाच्या प्रवर्तकाला वाटपात भेदभाव न करण्याचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. भाड्याची खोली त्या कक्षेत येतच नाही.

जमिनीचा प्रश्न याहून खोल आहे. १९८२ साली चंद्रपूरपासून वेगळा झालेला हा जिल्हा तीन-चतुर्थांशाहून अधिक जंगलाचा. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्येत अनुसूचित जमाती सुमारे ३९ टक्के. माडिया, गोंड, परधान, सिरोंच्याकडे तेलुगू बोलणारे, कोरचीकडे छत्तीसगढी, चामोर्शी-मूलचेऱ्यात फाळणीनंतर वसवलेले बंगाली, आणि सगळ्यांच्या मधून वाहणारी झाडीबोली. नागपूर-पुण्याहून आलेला दलाल या सगळ्यांना मिळून ‘तिकडचे लोक’ म्हणतो. त्याचे पहिले अज्ञान इथे सुरू होते.

दुसरे अज्ञान कागदाचे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ नुसार आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला विकता, बक्षीस देता, गहाण ठेवता वा भाडेपट्ट्याने देता येत नाही. त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते आणि विक्रीसारख्या व्यवहारात राज्य शासनाची मान्यताही. ही तरतूद १९७४ ची. त्याच वर्षीच्या दुसऱ्या कायद्याने १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात हातची गेलेली जमीन आदिवासींना परत देण्याची सोय केली. सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये लिंगप्पा पोचन्ना आप्पेलवार खटल्यात तो कायदा वैध ठरवला. प्राणहिता-गोदावरी ओलांडून तेलंगणात गेले तर नियम आणखी कडक: तिथल्या अनुसूचित क्षेत्रात १९७० पासून बिगरआदिवासी दुसऱ्या बिगरआदिवासीलाही जमीन विकू शकत नाही. वनहक्क कायद्याने मिळालेला पट्टा तर वारसाने पुढे जातो, पण विकताच येत नाही. आणि तो पती-पत्नी दोघांच्या नावे असतो. ‘घरधन्याची सही झाली, पुरे’ म्हणणाऱ्या दलालाला इथे दुहेरी अडचण आहे.

हे कायदे दलालांना ठाऊक नसतात असे मात्र समजू नये. निष्णात दलालाला ते पाठ असतात, म्हणूनच दुसऱ्या आदिवासीच्या नावे खरेदी, कुलमुखत्यारपत्र, स्टँपपेपरवरचे बयानापत्र अशा आडवाटा निघाल्या. कायदा शिकवणे म्हणजे आडवाट शिकवणे ठरू नये, ही इथल्या कोणत्याही प्रशिक्षणाची खरी अडचण आहे.

तिसरी गोष्ट सातबाऱ्यावर उमटत नाही. सातबारा एका माणसाला वा कुटुंबाला मालक म्हणतो. मालगुजारीच्या काळापासून या भागात गावकऱ्यांचे निस्तार हक्क चालत आले: सरपण, चराई, बांधकामाचे लाकूड, तलावाचे पाणी. मालगुजारी १९५१ साली गेली, पण निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज या नोंदी राहिल्या आणि ‘मामा तलाव’ राहिले. हे ‘मामा’ नात्यातले नव्हेत, माजी मालगुजार. अशा तलावाखालची बांधी विकत घेणारा फक्त माती घेत नाही, पाण्याच्या पाळीत उभा राहतो. माडिया गावाच्या वेशीपाशी उभे दगड दिसले तर ते शेत साफ करताना बाजूला सारायचे धोंडे नसतात. मृतांच्या स्मरणार्थ ते उभारलेले असतात. मोहाच्या झाडाखालची जागा कोण साफ करतो आणि फुले कोण वेचतो, हेही मोजणीच्या नकाशात सापडत नाही. गावात विचारावे लागते.

विचारायचे कुणाला, हा पुढचा प्रश्न. धानोरा तालुक्यातले मेंढा-लेखा हे या बाबतीत सर्वांत स्पष्ट उत्तर देणारे गाव. ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ म्हणणाऱ्या या गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरचा सामूहिक वनहक्क मिळाला. देशात तो मिळवणाऱ्या पहिल्या गावांपैकी हे एक. देवाजी तोफा यांचे नेतृत्व आणि मोहन हिराबाई हिरालाल यांची साथ सर्वांना माहीत आहे. निर्णयाची पद्धत त्यामानाने कमी माहीत आहे. तिथे बहुमताने ठरत नाही, सर्वसहमतीने ठरते. एकाचाही विरोध असेल तर विषय पुढच्या बैठकीवर जातो. २०१३ मध्ये गावाने १९६४ च्या ग्रामदान कायद्याखाली आपली खासगी शेतीही ग्रामसभेच्या स्वाधीन करण्याचे ठरवले. कसणारा कसत राहतो, वारसांना हक्क मिळतो, पण जमीन गावाबाहेर जात नाही. दलालाची सारी कला एका माणसाला एकट्याने गाठण्यात असते. बयाणा त्याच्या हातावर ठेवला की काम झाले. मेंढ्यात असा एकटा माणूसच उरत नाही. अशा गावात दलाली चालत नाही, याचा अर्थ गाव मागासलेले आहे असा काढणारे मी ऐकले आहेत. मला तो जमिनीच्या बाजाराविषयी फार पुढचा विचार वाटतो.

आज हे सारे निकडीचे का? सूरजागडचे लोहखनिज निघू लागले, कोनसरीत पोलाद कारखाना उभा राहिला, वडसा-गडचिरोली रेल्वेमार्गाचे काम सुरू झाले. जमिनीचे भाव चढले. सप्टेंबर २०२५ मध्ये महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे यांनी आदिवासींना आपली जमीन खासगी व्यक्तींना भाडेपट्ट्याने देता यावी असे धोरण आणण्याची घोषणा गडचिरोलीतच केली. पडीक जमिनीतून उत्पन्न मिळेल, ही त्यामागची भूमिका. भाडेपट्ट्याच्या वाटेने जमीन कायमची जाईल, हा विरोधकांचा आक्षेप. दोन्ही बाजूंचे युक्तिवाद करारातल्या दोन पक्षांभोवती फिरतात. त्या दोघांच्या मध्ये बसून कागद वाचून दाखवणाऱ्या तिसऱ्याचे नाव कुणी घेत नाही. खरे तर कागद मराठीत असतो, देणाऱ्याची भाषा माडिया असते आणि दुभाष्या बऱ्याचदा दलालच असतो. त्याची कमिशनवर नजर असताना भाषांतर किती प्रामाणिक होणार?

म्हणून दलालांना वेशभूषा, सण आणि नृत्यांचे धडे देणारा वर्ग भरवून फारसे साधणार नाही. रेला नाच पाहून कुणाचा व्यवहार सरळ होत नाही. शिकवायचेच असेल तर वर्ग ग्रामसभेच्या बैठकीत भरवावा. दलालाने तिथे सर्वांसमोर, गावाच्या भाषेत, करार समजावून सांगावा: किती वर्षे, किती रक्कम, मुदतीनंतर काय, झाडांचे काय, वाटेचे काय. प्रश्न गावाने विचारावेत. बायकांनीही, कारण पट्ट्यावर त्यांचे नाव आहे. आणि शहरातल्या खोल्यांसाठी ‘न्यूजडे’ची युक्ती इथे करून पाहण्याजोगी आहे. एकाच खोलीसाठी दोन विद्यार्थी पाठवावेत, पैसे सारखे, आडनावे वेगळी. विद्यापीठाच्या समाजशास्त्र विभागाला एका सत्रात जमेल एवढेच हे काम आहे.