‘इथे राजकारण नको’: ताओ परंपरेतला एक जुना वाद

“ही आध्यात्मिक जागा आहे, इथे राजकारण आणू नका,” हे वाक्य चळवळीत काम करणाऱ्या प्रत्येकाने कधी ना कधी ऐकले आहे. विहाराच्या ग्रुपवर ऐकले आहे, ध्यान शिबिरात ऐकले आहे, वर्षावासातल्या प्रवचनानंतरच्या चहाच्या वेळीही ऐकले आहे. हे वाक्य फक्त आपल्याकडेच आहे असे मात्र नाही. ताओ मार्गाच्या साधकांत तर ते फार जुने आहे. त्यांच्याकडे त्याला एक तयार आधारही सापडतो, तो म्हणजे ‘वू-वेइ’. याचे भाषांतर सहसा ‘काहीही न करणे’ असे होते. मग मतभेद पेटला की कोणीतरी म्हणतो, ताओ मानणाऱ्याने निवडणूक, युद्ध, कर, आरक्षण, असल्या गोष्टींवर बोलूच नये. पाण्यासारखे वाहत राहावे.

आम्हाला हा वाद महत्त्वाचा वाटतो, कारण यात एक खरा प्रश्न आहे. आध्यात्मिक समूहात राजकीय मतभेद झाला तर तो आवरायचा कोणी, कोणत्या नियमाने, आणि त्यात गप्प कोण बसवला जातो?

आधी ‘वू-वेइ’बद्दल. त्याचा अर्थ हातावर हात ठेवून बसणे असा नाही. जबरदस्ती न करणे, ओढूनताणून न घडवणे, हा त्याच्या जवळचा अर्थ. आणि ‘ताओ-ते-चिंग’ या ग्रंथात हा सल्ला बऱ्याच ठिकाणी राजाला दिलेला आहे, प्रजेला नव्हे. ८१ प्रकरणांचा, साधारण ५,००० चिनी अक्षरांचा हा छोटा ग्रंथ. त्यातला मोठा भाग राज्य कसे चालवावे याबद्दलच आहे. ७५व्या प्रकरणात लोकांच्या उपासमारीचे कारण सरळ वरच्यांच्या करवसुलीत दाखवले आहे. ५३व्यात ओसाड शेते आणि रिकामी कोठारे यांच्या शेजारी राहून उंची कपडे मिरवणाऱ्यांना जवळजवळ दरोडेखोर ठरवले आहे. हे राजकारण नाही तर काय आहे? राजाने लोकांच्या जगण्यात ढवळाढवळ कमी करावी म्हणून सांगितलेली गोष्ट पुढे लोकांनी राजाच्या कारभारात लक्ष घालू नये म्हणून वापरली जाते, ही उलटापालट लक्षात घेतली पाहिजे.

पण ग्रंथाची एकच बाजू सांगणे बरोबर होणार नाही. तिसऱ्या आणि ६५व्या प्रकरणांत लोकांची पोटे भरावीत पण त्यांना फार शहाणे करू नये, असा अर्थ निघतो. भाष्यकारांनी त्याला सौम्य करायचा प्रयत्न केला आहे. तरी महात्मा फुले वाचलेल्या माणसाला ती प्रकरणे टोचल्याशिवाय राहत नाहीत.

एकाच ग्रंथातून इतके वेगवेगळे सूर निघत असल्याने राजकीय टोकाची माणसे त्यावर हक्क सांगतात. जानेवारी १९८८ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी काँग्रेससमोरच्या वार्षिक भाषणात लाओ-त्सेचा दाखला दिला. मोठे राज्य चालवणे म्हणजे छोटा मासा शिजवण्यासारखे आहे, सारखे हलवू नका, असा त्याचा रोख. सरकारने बाजारात हात घालू नये, या त्यांच्या धोरणाला तो सोयीचा होता. मरे रॉथबार्ड या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने लाओ-त्सेला पहिला स्वातंत्र्यवादी विचारवंत म्हटले, म्हणजे कर आणि सरकार दोन्ही नकोशा असलेल्या विचारधारेचा पूर्वज. दुसरीकडे कादंबरीकार उर्सुला ले ग्विन यांनी त्याच ग्रंथाचे आपले इंग्रजी रूपांतर १९९७ मध्ये प्रसिद्ध केले आणि त्यात त्यांना सत्ता, मालकी आणि युद्ध यांना नकार देणारा आवाज दिसला. खासगी मालमत्ता नसलेल्या समाजाची कल्पना करणारी ‘द डिस्पझेस्ड’ ही कादंबरी त्यांनीच १९७४ मध्ये लिहिली होती. आता रेगनवादी आणि ले ग्विनचे वाचक एकाच साधना मंडळात बसले तर वाद होणारच. तिथे ‘राजकारण नको’ असे म्हणून तो मिटत नाही. जे मत आधीपासून हवेत आहे ते ‘सामान्य ज्ञान’ म्हणून राहते, आणि जे त्याला हटकते ते ‘राजकारण’ ठरते. समाजशास्त्राच्या वर्गात आम्ही हे पुस्तकात वाचले होते. वस्तीत काम करताना ते रोज दिसते.

ताओ परंपरेचा इतिहासही अलिप्ततेचा नाही. च्वांग-त्सेने चूच्या राजाची मोठी नोकरी नाकारली आणि पवित्र पेटीत ठेवलेल्या मेलेल्या कासवापेक्षा चिखलात शेपूट ओढणारे जिवंत कासव बरे, असे कारण दिले, ही गोष्ट सगळे सांगतात. तो नकार सुद्धा एक राजकीय भूमिका होती. पण इ.स. १८४ ची गोष्ट कमी सांगितली जाते. हान साम्राज्यात रोगराई आणि उपासमार पसरली होती. झांग ज्याओ हा उपचारक आजाऱ्यांना आपल्या चुकांची कबुली द्यायला लावायचा, मंतरलेले पाणी द्यायचा. त्याच्या ‘महाशांती’ मार्गाला लाखो गरीब शेतकरी मिळाले. त्यांनी डोक्याला पिवळी फडकी बांधून बंड केले. झांग ज्याओ त्याच वर्षी मेला, बंडाचे मुख्य सैन्य मोडले गेले, आणि तरी हान घराणे त्यातून सावरले नाही.

पश्चिमेकडे, डोंगरांनी वेढलेल्या हानचोंग खोऱ्यात, दुसऱ्या एका ताओ पंथाने वेगळा मार्ग धरला. परंपरेनुसार झांग दाओलिंगला इ.स. १४२ मध्ये साक्षात्कार झाला. सभासदांकडून पाच माप तांदूळ घेतले जात, म्हणून लोक त्याला ‘पाच माप तांदळाचा पंथ’ म्हणत, आणि विरोधक ‘तांदूळचोर’. झांग दाओलिंगचा नातू झांग लू याने दोन दशकांहून अधिक काळ हे खोरे जवळजवळ स्वतंत्रपणे चालवले. सरकारी अधिकारी नव्हते. पंथाचे प्रमुख साधकच कारभार पाहायचे.

आमच्यासारख्या सामाजिक काम करणाऱ्यांना इथला तपशील फार आवडतो. रस्त्यांवर धर्मशाळा बांधल्या होत्या, त्यांत तांदूळ आणि मांस ठेवलेले असे. वाटसरूने पोटापुरते घ्यायचे. जास्त घेतले तर आत्मे त्याला आजारी पाडतील, एवढाच पहारा. किरकोळ अपराध करणाऱ्याला शंभर पावले रस्ता दुरुस्त करायला लावत. गुन्हा केला तर तीनदा माफी, त्यानंतरच शिक्षा. वसंत आणि ग्रीष्मात प्राणिहत्या बंद, दारू बंद. चिनी आणि बिगर-चिनी, दोन्ही लोक यात समाधानी होते, असे त्या काळचा इतिहास सांगतो, आणि तो इतिहास लिहिणारे पंथाचे भक्त नव्हते. शिस्त लावायची ती समूहाला उपयोगी पडेल अशा कामातून, आणि माणसाला हाकलण्याआधी परत यायच्या संधी देऊन. आजच्या कुठल्याही समूहाच्या नियमावलीत हे बसेल.

इ.स. २१५ मध्ये झांग लूने सेनापती त्साओ त्साओपुढे शरणागती पत्करली. त्याला मानसन्मान मिळाला, त्याच्या अनुयायांतल्या अनेकांना खोऱ्यातून उठवून दुसरीकडे वसवले गेले. सुरुवातीच्या शतकांतल्या ताओ पंथात प्रमुखांसाठी १८० नियमांची एक यादी आहे. झाडे विनाकारण तोडू नका, पाण्यात विष टाकू नका, अशी कलमे त्यात आहेत, आणि लष्करी व राज्याच्या गोष्टींची चौकशी करू नका असेही एक कलम आहे. हे कलम शुद्ध अध्यात्मातून आले असे आम्हाला वाटत नाही. चिरडली गेलेली बंडे ज्यांनी पाहिली किंवा ऐकली, त्यांचा हा जीव वाचवण्याचा नियम दिसतो. भीतीपोटी केलेला नियम चुकीचाच असतो असे नाही. पण पुढच्या पिढ्यांनी त्याला ‘मूळ शिकवण’ म्हणायला सुरुवात केली की गफलत होते.

आणि सत्तेपासून लांब राहा म्हणणारेच सत्तेच्या मांडीवरही बसले. उत्तर वेइ राज्यात ४४२ मध्ये सम्राट ताइवूने जाहीरपणे ताओ दीक्षा घेतली. ४४६ मध्ये त्याच सम्राटाने बौद्ध विहार, मूर्ती, ग्रंथ नष्ट करण्याचा आणि भिक्खूंना मारण्याचा हुकूम काढला. मंत्री त्सुइ हाओ यामागे होता. त्याचा सहकारी आणि सम्राटाचा ताओ गुरू को च्येनझी याने या क्रौर्याला विरोध केला, असे वेइ राज्याचा इतिहास नोंदवतो. त्याचे ऐकले गेले नाही. आपल्याच बाजूच्या माणसाला, आपली बाजू जिंकत असताना, ‘हे चुकते आहे’ असे सांगणारा तो एक आवाज होता. ‘राजकारण नको’चा नियम पाळला असता तर तोही उठला नसता.

बौद्ध वाचकाने याच धाग्यातली आणखी एक गोष्ट माहीत करून घ्यावी. लाओ-त्से पश्चिमेला गेला आणि तिथे त्यानेच बुद्ध होऊन (दुसऱ्या पाठात बुद्धाचा गुरू होऊन) रानटी लोकांना शिकवले, असे सांगणारा एक ग्रंथ ताओ मंडळींनी इ.स. ३०० च्या आसपास रचला. बुद्धाला विष्णूचा अवतार करून गिळण्याचा प्रकार आपल्याला ठाऊक आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांतली पाचवी प्रतिज्ञा त्याबद्दलच आहे. चीनमध्ये हे भांडण शतकानुशतके चालले. १२२२ मध्ये वयोवृद्ध ताओ गुरू च्यू चूजी हिंदुकुशापर्यंत प्रवास करून चंगेज खानाला भेटला, त्याने कत्तली आवरण्याचा सल्ला दिला, आणि त्याच्या पंथाला करमाफी मिळाली. त्या जोरावर पंथाने बौद्धांची देवळेही बळकावली, अशी तक्रार झाली. १२५८ मध्ये कुबलाईसमोर जाहीर वादविवाद झाला, ताओ पक्ष हरला, वादात उतरलेल्या १७ जणांचे मुंडण झाले. १२८१ मध्ये ‘ताओ-ते-चिंग’ सोडून ताओ ग्रंथ जाळण्याचा हुकूम निघाला. आपला पक्ष जिंकला म्हणून आम्हाला यात आनंद वाटत नाही. मतभेद राजाच्या दारात नेला की निकाल पुस्तके जाळण्यात लागतो, मग जिंकणारा कोणीही असो.

आज चीनमध्ये हे दार अधिकच मोठे झाले आहे. १९५७ मध्ये स्थापन झालेली चिनी ताओ संघटना सरकारमान्य चौकटीत चालते. १ मार्च २०२२ पासून तिथे इंटरनेटवर धार्मिक मजकूर देण्यासाठी सरकारी परवाना लागतो. तिथे काय बोलायचे हे साधकांचा समूह ठरवत नाही. आपल्याकडचा ग्रुप ॲडमिन आणि तो परवाना देणारा अधिकारी यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पण जो समूह स्वतःचे भांडण स्वतः सोडवायला शिकत नाही, तो ते वरच्याकडे नेतो, हे दोन्हीकडे खरे.

मग नियम कसा असावा? विषयावर बंदी घालणारा नियम आम्हाला मान्य नाही, वागण्याला बांधणारा मान्य आहे. कराबद्दल, युद्धाबद्दल, पक्षाबद्दल बोलू द्यावे. जातीवरून शिवीगाळ, खोटी बातमी, धमकी यांना मतभेद म्हणू नये, आणि तिथे तीन माफ्यांचा हिशेबही लावत बसू नये. ज्याचा अपमान झाला त्याने दर वेळी थांबायचे, हा कुठला न्याय?

हानचोंगच्या व्यवस्थेत एक मोठी उणीव होती. शिकवणारा, कबुली ऐकणारा आणि शिक्षा देणारा एकच. तो चुकला तर दाद कोणाकडे मागायची, याची सोय दिसत नाही. इथे आपल्याकडचा विनय पुष्कळ पुढे आहे. २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतल्या भाषणात बाबासाहेबांनी भिक्खू संघाच्या सभापद्धतीचा, गणपूर्तीचा, मतदानाचा उल्लेख केला होता तो उगाच नाही. चुल्लवग्गात वाद मिटवण्याची पायरी-पायरीची रीत आहे. एका विहारात वाद सुटला नाही तर भिक्खूंनी तो जास्त भिक्खू असलेल्या दुसऱ्या विहारात न्यायचा. तिथे गोंगाट झाला तर निवडक भिक्खूंची समिती नेमायची. तरीही सुटला नाही तर शलाका वाटून बहुमत घ्यायचे, आणि ते गुप्तपणे, कानात सांगून किंवा उघडपणे घेता येते. शलाका गोळा करणारा भिक्खू आपोआप ठरत नाही. पक्षपात, द्वेष, मोह आणि भय यांनी न झुकणारा माणूस पाहून, त्याच्या नावाचा ठराव संघासमोर मांडून, कोणाचा आक्षेप नसेल तरच त्याला नेमले जाते.