‘तुंबा’ : एका वनस्पतिनामाचा विचार

पावसाळ्याच्या अखेरीस शेताच्या बांधांवर व पडीत जमिनीत पांढऱ्या फुलांचे एक बुटके रोप आढळते. चौकोनी खोड, समोरासमोर पाने, पेरांभोवती फुलांचे झुबके, दोन ओठांचा पुष्पमुकुट. तुळशीच्या कुळाची ही लक्षणे त्यात स्पष्ट दिसतात. रॉबर्ट ब्राऊन याने १८१० साली या प्रजातीस ‘ल्यूकस’ हे नाव दिले. ‘पांढरा’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ते बनले आहे.

संस्कृतात हिच्या जातींना द्रोणपुष्पी म्हणतात. मराठीत कुंभा किंवा तुंबा. द्रोण, कुंभ आणि तुंबा ही तिन्ही पात्रांचीच नावे होत. तेव्हा फुलाच्या आकारावरून ती पडली असावीत, असे म्हणण्याचा मोह होतो. द्रोणपुष्पीपुरते ते योग्यही आहे. (कुंभा तर एका मोठ्या रानवृक्षाचेही नाव आहे, तो प्रश्न येथे नको.) तुंब्याविषयी मात्र ही व्युत्पत्ती मला पटत नाही.

याच रोपाला तमिळमध्ये तुंबै, मलयाळममध्ये तुंब, कन्नडमध्ये तुंबे व तेलुगूत तुम्मि म्हणतात. तमिळ ‘-ऐ’, मलयाळम ‘-अ’ आणि कन्नड ‘-ए’ हा अन्त्य स्वरांचा मेळ नियमित आहे. ‘डोके’ या अर्थाचे तलै, तल, तले हे शब्द पाहावेत. एवढ्यावरून निर्णय होत नाही, कारण संस्कृत आकारान्त शब्दही तेथे जाऊन असेच रूप घेतात : माला, मालै, माले. परंतु संस्कृतात ‘तुंब’ म्हणजे भोपळा. या रोपाचे प्रचलित नाव निराळेच. उलट ‘तोल्काप्पियम्’ या प्राचीन तमिळ व्याकरणग्रंथात समोरासमोरच्या युद्धाच्या काव्यविषयाला याच फुलाचे नाव आहे. दक्षिणेत रोपाचा अर्थ इतका जुना व स्थिर असता मराठी शब्द तिकडूनच आला असे मानणे मला युक्त वाटते. मराठीत येताच तो भोपळ्याच्या तुंब्याशी समोच्चारी झाला आणि लोकव्युत्पत्तीने दोहोंची गाठ घातली.

म्हणून कोशात या दोन शब्दांच्या नोंदी स्वतंत्र असाव्यात. हा केवळ कोशकाराचा काटेकोरपणा नव्हे. गावोगावची औषधी माहिती टिपताना ‘तुंब्याचा रस’ एवढेच लिहिले, तर वाचणारा भोपळा समजेल. आणि कडू भोपळ्याचा रस विषारी असतो. तेव्हा सांगणाऱ्याला प्रथम विचारावे : वेल की रोप?