आऊटबोर्ड इंजिन वारंवार बंद पडते? आधी टाकी पाहा, मग पाना उचला

कोकणच्या किनाऱ्यावर लहान फायबर होडी घेऊन जाळे मारणाऱ्या अनेक भावांचा धंदा होडीमागे लावलेल्या एका आऊटबोर्ड इंजिनावर चालतो. हे इंजिन अधूनमधून बंद पडू लागले की दिवसाची मासळी जाते. पण नुकसान तेवढेच नाही. ओहोटीच्या वेळी खाडीच्या तोंडाशी, जिथे वाळूच्या दांड्यावर लाटा फुटतात, तिथे इंजिन थांबले तर होडी लाटेला आडवी होते आणि जिवावर बेतते.

अशा वेळी बहुधा काय होते? मालक होडी किनाऱ्याला लावून मिस्त्रीला बोलावतो. मिस्त्री प्लग बदलतो, कार्बोरेटर उघडतो, प्रसंगी कॉइलही बदलतो. पैसे जातात आणि चार दिवसांनी इंजिन पुन्हा थांबते. याचे कारण असे की इंजिन कसे बंद पडले, हे कोणी विचारलेलेच नसते. बंद पडण्याच्या रीतीतच अर्धे निदान असते.

हळूहळू मंदावून थांबते

इंजिन सुरुवातीला नीट चालते, दहा-पंधरा मिनिटांनी धापा टाकू लागते आणि थांबते. थोड्या वेळाने पुन्हा सुरू होते. ही खूण इंधन पुरेसे पोहोचत नसल्याची आहे. सर्वप्रथम टाकीच्या झाकणावरील हवेचा स्क्रू पाहा. तो बंद राहिला तर इंधन कमी होईल तशी टाकीत पोकळी तयार होते आणि पंपाला इंधन ओढता येत नाही. झाकण सैल करताच हवा आत शिरल्याचा आवाज झाला आणि इंजिन सुधारले, तर दोष सापडला. खर्च शून्य.

त्यानंतर नळीवरील रबरी फुगा पाहा. इंजिन चालू असताना फुगा चपटा होत असेल तर अडथळा फुग्याच्या मागे, म्हणजे हवेचा स्क्रू, टाकीतील जाळी किंवा नळी यांत आहे. उलट, फुगा दाबत राहिल्यावर इंजिन चालते आणि सोडला की मंदावते, तर इंधन पंपाचा पडदा कमजोर झाला असेल किंवा नळीच्या जोडातून हवा ओढली जात असेल. फुग्यावरील बाणाचे तोंड इंजिनाकडेच हवे. दाबताना तो बाण वर राहील असा फुगा उभा धरावा.

वेगात चालते, पण वेग कमी करताच थांबते, अशी तक्रार असल्यास कार्बोरेटरमधील मंद चालीचे बारीक छिद्र तुंबलेले असू शकते. ते हवेच्या झोताने साफ करावे. तार घालून छिद्र मोठे करू नये. गिअर टाकताच थांबत असेल तर आधी पंख्यात जाळ्याची दोरी अडकली आहे का, ते पाहावे.

पाणी आणि आजचे पेट्रोल

२०२३ मध्ये देशात वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल विक्रीस आले आणि २०२५ पर्यंत ते सर्वत्र रूढ झाले. इथेनॉल पाणी शोषून घेते. समुद्रावरील दमट हवेत, अर्धवट भरलेल्या टाकीत हे लवकर घडते. पाणी ठराविक प्रमाणाबाहेर गेले की ते इथेनॉलसह वेगळे होऊन तळाशी बसते, आणि टाकीतील नळी इंधन तळातूनच ओढते. टू-स्ट्रोक इंजिनात धोका अधिक, कारण त्या तळाच्या थरात ऑइल जवळजवळ नसते.

परीक्षा सोपी आहे. टाकीच्या तळाचे थोडे इंधन स्वच्छ काचेच्या बाटलीत घ्या व स्थिर ठेवा. दोन थर दिसले तर ते इंधन इंजिनाच्या कामाचे नाही. त्यात ताजे पेट्रोल ओतून ते दुरुस्त होत नाही. टाकी रिकामी करावी, कार्बोरेटरच्या तळाचा स्क्रू उघडून तेथील इंधनही काढावे. जून-जुलैच्या पावसाळी बंदीत टाकीत राहिलेले जुने इंधन हंगामाच्या पहिल्या दिवशी वापरू नये. जुन्या नळ्या व वॉशर इथेनॉलने नरम पडतात किंवा चिरतात. तेही तपासावेत.

रॉकेलवर चालणारे इंजिन

अशी इंजिने पेट्रोलवर सुरू करून, पुरती गरम झाल्यावरच रॉकेलवर घ्यायची असतात. घाई केल्यास रॉकेलची नीट वाफ होत नाही, प्लगवर काजळी धरते आणि इंजिन थांबते. बंद करण्यापूर्वी काही मिनिटे पुन्हा पेट्रोलवर चालवावे, म्हणजे कार्बोरेटरमध्ये पेट्रोल राहते आणि पुढच्या वेळी दोरी ओढून हात दुखत नाहीत. ऑइलचे प्रमाण पेट्रोलला व रॉकेलला वेगळे असू शकते. अंदाजाने न ओतता कंपनीच्या पुस्तिकेप्रमाणे मापाने घालावे.

एकदम बंद पडते

स्विच बंद करावा तसे इंजिन क्षणात थांबले, तर संशय विजेच्या भागावर घ्यावा. आधी सुरक्षा दोरीची क्लिप निसटली आहे का ते पाहावे. मग खाऱ्या हवेने गंजलेले वायरचे जोड. काही कॉइल थंड असताना ठिणगी देतात आणि तापल्यावर देत नाहीत. म्हणून ठिणगीची तपासणी इंजिन थांबल्याबरोबर, ते तापलेले असतानाच करावी. तेव्हा सांडलेले पेट्रोल पुसून घ्यावे आणि प्लग त्याच्या छिद्रापासून दूर, इंजिनाच्या धातूला टेकवून धरावा.

इंजिन जड होऊन थांबले आणि दोरी ओढवत नसेल, तर जबरदस्ती करू नका. ते तापून पिस्टन धरला असण्याची शक्यता आहे. बाजूने पडणारी पाण्याची धार हीच थंडपणाची खूण. धार बारीक झाली की इंजिन लगेच बंद करून पाणी घेण्याच्या जाळीवर प्लास्टिकची पिशवी बसली आहे का ते पाहावे. धार तरीही सुधारली नाही तर पंपातील रबरी इंपेलर तपासावा. पाण्याबाहेर इंजिन कोरडे चालवल्यास हा इंपेलर थोड्याच वेळात जळतो.

मालक आणि मिस्त्री

मालकाने मिस्त्रीला ‘बिघडले आहे’ एवढेच न सांगता किती वेळाने, कोणत्या वेगात, हळू की एकदम थांबले, हे सांगावे. मिस्त्री बंधूंनीही पाना उचलण्यापूर्वी हेच विचारावे आणि बदललेला जुना भाग मालकाच्या हाती द्यावा. दोन रुपयांच्या वॉशरचा दोष असताना कॉइल विकणारा मिस्त्री एकदाच कमावतो. खरा दोष सांगणाऱ्याकडे सारे बंदर येते.

होडीत जादा प्लग, प्लगचा पाना, नळीच्या क्लिपा, वल्ही आणि नांगर कायम असू द्यावा. इंजिन थांबले की पहिला हात नांगराला लावावा. होडी स्थिर झाली की मगच इंजिनाचे झाकण उघडावे.