खेकड्याची पितळी जाळी

सकाळी सहा. घर उठायच्या आत पत्रा धुवायला घेतो. ०.२ मिलिमीटर जाडीचा पितळी पत्रा, तळहाताएवढा. आधी अ‍ॅसिटोन, मग बारीक घासणीने दोन्ही बाजू, मग साबण. नळाखाली तिरपा धरला की पाणी सलग पसरलं पाहिजे. जिथे ते तुटून थेंब होतात तिथे बोटाचं तेल राहिलेलं असतं आणि दुपारी द्रावणात नेमकी तिथलीच फोटोफिल्म सुटते. द्रावणाने पितळ कोरायच्या या कामात धुण्याइतकं महत्त्वाचं दुसरं काहीच नाही, हे माझं ठाम मत आहे.

साडेसात. चहा घेत नकाशा शेवटचा तपासतो. सध्या ‘खेकड्या’चं मॉडेल चालू आहे: डब्ल्यूसीजी-१, जीआयपी रेल्वेने घाटातल्या मालगाड्यांसाठी १९२८ पासून आणलेलं इंजिन. १,५०० व्होल्ट डीसीवर चालणारी अशी ४१ इंजिनं होती. मधे चालकाची खोली, पुढे-मागे लांब नाकाडं, चाकांना जोडदांडे. वरळीच्या नेहरू सायन्स सेंटरमध्ये एक उभं आहे. माझी मापं आणि फोटो तिथलेच. १:८७ प्रमाणात नाकाडावरच्या हवेच्या जाळ्या प्लास्टिकच्या केल्या तर जाड, बोजड दिसतात. म्हणून पितळ.

नकाशे दोन असतात, पुढचा आणि मागचा. दोन्हीकडून उघडं ठेवलं तिथे आरपार भोक. एकाच बाजूने उघडं ठेवलं तिथे पत्रा निम्माच खाल्ला जातो, आणि खरी गंमत या निम्म्यात आहे. घडीची रेघ निम्मी, रिव्हेटचे ठिपके मागून निम्मे. द्रावण खाली जातं तसं बाजूलाही खातं, म्हणून जाळीची पट्टी हवी त्यापेक्षा किंचित रुंद काढायची आणि फट पत्र्याच्या जाडीपेक्षा अरुंद ठेवायची नाही.

नऊ. न्हाणीघरात पिवळा झिरो बल्ब. पत्र्याच्या दोन्ही अंगांना निळी फोटोफिल्म लावून गरम लॅमिनेटरमधून काढतो. बाहेरून आई विचारते, ‘‘आटपलं का रे? मला आंघोळीला जायचंय.’’ ‘‘पाच मिनिटं, आई.’’

साडेदहा. नकाशांच्या दोन निगेटिव्ह प्रकाशाच्या टेबलावर खुणेला खूण जुळवून, कडेला त्याच पत्र्याची पट्टी घालून चिकटवलेल्या असतात. त्यांचं पाकीट होतं. पत्रा आत सरकवायचा, शाईची बाजू पत्र्याकडे. मग काचेखाली दाबून अतिनील दिव्यात एक बाजू, मग दुसरी. किती सेकंद, हे आधी तुकड्यावर पट्ट्या पाडून ठरवलेलं असतं. प्रकाश लागला तिथे फिल्म घट्ट होते. मग लिटरभर कोमट पाण्यात दहा ग्रॅम धुण्याचा सोडा; न लागलेली फिल्म विरघळून खालचं पितळ लख्ख दिसू लागतं.

बारा. खिडक्या उघड्या, हातमोजे, चष्मा. प्लास्टिकच्या उभट बरणीत फेरिक क्लोराईड, बरणी गरम पाण्याच्या बादलीत, चाळीस-पंचेचाळीस अंशांवर. खाली माशांच्या टाकीचा हवापंप बुडबुडे सोडत असतो. पत्रा लटकवतो आणि दर पाच मिनिटांनी उलटा करतो. रुंद जागा आधी उघडतात. बारीक फटी सगळ्यात शेवटी, कोपऱ्यांतून. पत्रा धुऊन खिडकीसमोर धरायचा: जाळीतून उजेडाची एक रेघ, मग दुसरी, मग सगळ्या. शेवटची फट उघडली की तात्काळ बाहेर. आणखी दोन मिनिटं गेली तर पट्ट्या केसासारख्या होतात. या अर्ध्या तासात मी फोन घेत नाही.

दोन. जेवण. मग कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात फिल्म पापुद्र्यांनी सुटते.

तीन. थकलेलं फेरिक क्लोराईड मोरीत ओतायचं नाही. त्यात विरघळलेलं तांबं असतं. ते पाण्यातल्या जिवांना मारतं, शिवाय उरलेलं फेरिक क्लोराईड स्टीलचं सिंकही खातं. त्यात धुण्याचा सोडा थोडा थोडा घालतो, फेस बसू देतो. गाळ खाली बसला की गाळून, सुकवून, घातक कचऱ्यासाठी वेगळा बांधून ठेवतो. छंद घरात करायचा तर एवढं करायलाच हवं.

साडेचार ते अंधार पडेपर्यंत. भिंगाखाली पत्रा उलटा, खाली रबराचा तुकडा. निम्म्या खाल्लेल्या ठिपक्यात बोथट सुई टेकवून हलकेच दाबलं की पलीकडे रिव्हेट उठतं. रांगेतली सगळी सारख्या उंचीची हवीत, म्हणून एका बैठकीत, एकाच हाताने. मग भाग पत्र्याला धरून ठेवणारे टेकू धारदार पातीने कापतो आणि खाल्लेली रेघ आत ठेवून घडी घालतो: नाकाडाची बाजू काटकोनात उभी राहते. कठडा ०.३ मिलिमीटरच्या तारेचा. त्याची भोकं याच पत्र्यात पडलीत. तार उद्या ओवून सोल्डर करीन.