रामगंगेकाठची काळी राख

पितळी भांड्यांसाठी ख्यातनाम असलेल्या उत्तर प्रदेशातील मुरादाबादेत जुन्या संगणकांचे भंगारही वर्षानुवर्षे येत आले आहे. तेथे सर्किट बोर्ड जाळतात, राख दळून नदीच्या पाण्यात धुतात आणि खाली बसलेले तांब्याचे कण वेचतात. तांबे बाजारात जाते. शिसे व कॅडमियम रामगंगेकाठच्या मातीत राहतात. शिसे कुजत नाही, विरतही नाही. २०१७ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने काठावर असा कचरा टाकणाऱ्यास १ लाख रुपये दंड ठरविला. परंतु हा माल मुळात निघतो घरा-दुकानांतूनच. पै-पैचा हिशेब ठेवणारा व्यापारीही जुना संगणक भंगारवाल्यास विनापावती देतो; ही नोंद कोणत्या वहीत करतो, ते तोच जाणे! नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्र कदाचित भाव कमी देईल, पण माल कोठे गेला याचा कागद तेथे मागता येतो.