ई अँड टीसी : कटऑफच्या यादीत न दिसणारं

सीईटीचा निकाल लागला की महाराष्ट्रातल्या घराघरांत शाखांची उतरंड रचली जाते. सगळ्यात वर कॉम्प्युटर, त्याखाली आयटी आणि एआयच्या नव्या शाखा, आणि 'तेही नाहीच मिळालं तर' म्हणून इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन, म्हणजे सगळ्यांच्या तोंडचं ई अँड टीसी. ही उतरंड कटऑफवरून ठरते. कटऑफ सांगतो ते एवढंच, की गेल्या वर्षी किती मुलांनी काय मागितलं. शाखेत काय शिकवतात, ते कुणाला आवडेल, त्याचा पुढे उपयोग काय, यातलं काहीच त्या आकड्यात नसतं. मी ही शाखा शिकवते. आपण इथे का आलो हे ज्यांना कुणी सांगितलेलंच नाही अशी मुलं दुसऱ्या वर्षाच्या वर्गात दर वेळी भेटतात, आणि त्यांचं पहिलं सत्र चाचपडण्यात जातं. म्हणून प्रवेशाच्या दिवसांत कानावर येणारी काही विधानं इथे तपासून पाहते आहे.

"शेवटी सगळे आयटीतच जातात, मग शाखा कोणतीही चालेल."

यातला अर्धा भाग खरा आहे. मोठ्या आयटी कंपन्या कॅम्पसवर येतात तेव्हा बहुतेक वेळा शाखेची अट घालत नाहीत, आणि आमची बरीच मुलं तिकडे जातात. त्यात कमीपणा काहीच नाही. पण त्याआधीची चार वर्षं कशी जातात, हे पाहायला हवं. दुसऱ्या वर्षाला नेटवर्क थिअरी, इलेक्ट्रॉनिक डिव्हाइसेस, डिजिटल सर्किट्स, सिग्नल्स अँड सिस्टिम्स. पुढे कंट्रोल सिस्टिम्स, इलेक्ट्रोमॅग्नेटिक्स, डीएसपी, मायक्रोकंट्रोलर. ज्याला फक्त अ‍ॅप आणि वेबसाइट करायच्या आहेत, त्याला हे विषय ओझं वाटणार. अशा मुलाने नावाजलेल्या कॉलेजच्या ई अँड टीसीपेक्षा थोड्या मागच्या कॉलेजचं आयटी घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

उलट, इलेक्ट्रॉनिक्समध्ये कोडिंग नसतं हेही खरं नाही. मायक्रोकंट्रोलर सी भाषेत चालवावा लागतो. चिपचं डिझाइन व्हेरिलॉगसारख्या भाषेत लिहिलं जातं. ते दिसतं प्रोग्रॅमसारखं, पण त्यातून सर्किटचं वर्णन होत असतं, त्यामुळे त्यातले ब्लॉक एकापाठोपाठ एक न चालता एकाच वेळी चालू असतात. कॉम्प्युटरची सवय घेऊन आलेली हुशार मुलंही इथे अडखळतात, आणि ही गोष्ट एकदा उमगली की त्यांना फार आनंद होतो.

"बारावीपर्यंत गणित केलं, आता फक्त पास होण्यापुरतं."

हा सगळ्यात महागात पडणारा गैरसमज. सीईटीच्या २०० गुणांपैकी १०० गुण गणिताचे असतात आणि ती परीक्षा संपली की मुलं सुटकेचा श्वास सोडतात. ई अँड टीसीत मात्र गणिताचं खरं काम त्यानंतर सुरू होतं. गणिताच्या तिसऱ्या पेपरात, म्हणजे एम-थ्रीमध्ये, लाप्लास, फुरिए आणि झेड ट्रान्सफॉर्म येतात. त्यांचे नियम पाठ करून पेपर सुटतो, आणि पुढच्या सत्रात सिग्नल्सच्या पुस्तकात तेच ट्रान्सफॉर्म पुन्हा समोर आले की काही कळेनासं होतं.

फ्रेंच गणिती फुरिए यांनी १८२२ साली उष्णता पदार्थातून कशी पसरते यावर ग्रंथ लिहिला. त्यातली कल्पना अशी, की कितीही वेड्यावाकड्या आकाराची लहर वेगवेगळ्या वारंवारतेच्या साध्या लहरींची बेरीज म्हणून मांडता येते. मैफलीत तानपुरा, तबला, हार्मोनियम आणि गळा यांचा मिळून कानावर एकच दाब पडत असतो, तरी जाणकार श्रोता प्रत्येकाला वेगळं ऐकतो. फुरिएचं गणित हेच काम आकड्यांनी करतं.

त्याचा उपयोग कुठे होतो? जुन्या डिजिटल टेलिफोनमध्ये माणसाचा आवाज साधारण ३,४०० हर्ट्झपर्यंतच ठेवत. सर्वांत वरच्या वारंवारतेच्या दुपटीहून जास्त वेळा नमुने घेतले तर मूळ लहर परत मिळवता येते, या नियमाने सेकंदाला ८,००० नमुने, प्रत्येकी ८ बिट, म्हणजे ६४,००० बिट. जगभरातलं टेलिफोनचं जाळं कित्येक वर्षं या आकड्यावर चाललं. आज खिशातला ४जी फोन २० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात १५ किलोहर्ट्झ अंतराच्या १,२०० लहान लहरींवर माहिती विभागून पाठवतो. त्या सगळ्या लहरी वेगवेगळ्या यंत्रांनी तयार करायच्या म्हटलं तर फोन कपाटाएवढा होईल. फास्ट फुरिए ट्रान्सफॉर्म हा हिशेब एका चिपवर क्षणात होतो म्हणून हे जमतं. एम-थ्रीच्या तासाला यातलं काही सांगितलं जात नाही, याची मला खंत आहे. गणित शिकवणारे आणि सिग्नल्स शिकवणारे एकमेकांशी बोलले तर मुलांचं निम्मं भय जाईल.

पॉलिटेक्निकमधून थेट दुसऱ्या वर्षाला येणाऱ्या मुलांना 'तुम्हाला गणित जमणार नाही' असं ऐकवलं जातं. पदवीच्या पहिल्या वर्षाचं गणित त्यांनी केलेलं नसतं, त्यामुळे सुरुवातीचे महिने जड जातात, हे खरं. पण सोल्डरिंग, मोजमाप, बिघाड शोधणं यात ती तीन वर्षं पुढे असतात. सुट्टीत इंटिग्रेशन आणि कॉम्प्लेक्स नंबर पक्के करून आलेला डिप्लोमाचा विद्यार्थी मागे पडत नाही.

"आता सगळं डिजिटल झालं, अ‍ॅनालॉग कशाला शिकायचं?"

याचं उत्तर ईसीजीच्या यंत्रात आहे. हृदयाच्या ठोक्यांबरोबर छातीच्या कातडीवर उमटणारा विद्युत संकेत साधारण एक मिलिव्होल्टचा असतो. खोलीतल्या वायरिंगमुळे त्याच शरीरावर ५० हर्ट्झचा गोंगाट चढतो, तो या संकेतापेक्षा कितीतरी मोठा. शिवाय इलेक्ट्रोड आणि कातडी यांच्या संपर्कातून ३०० मिलिव्होल्टपर्यंतचा स्थिर फरक येऊ शकतो. आता विचार करा. हृदयाचा संकेत दिसावा म्हणून पहिल्याच टप्प्यात हजार पट वाढवायला गेलात, तर त्या ३०० मिलिव्होल्टचे ३०० व्होल्ट व्हायला हवेत. सर्किटला पुरवठा ३.३ व्होल्टचा. अ‍ॅम्प्लिफायर एका टोकाला जाऊन अडकतो आणि हृदयाचा संकेत कायमचा हरवतो. नंतर कितीही चांगलं सॉफ्टवेअर लिहा, जे आत आलंच नाही ते परत मिळत नाही.

मार्ग असा : दोन इलेक्ट्रोडवरचा गोंगाट जवळपास सारखा असतो, म्हणून त्यांची वजाबाकी करणारा इन्स्ट्रुमेंटेशन अ‍ॅम्प्लिफायर पुढे ठेवायचा, पहिल्या टप्प्यात थोडंच वाढवायचं, स्थिर भाग गाळायचा, मग पुन्हा वाढवायचं. उजव्या पायाला लावलेला इलेक्ट्रोड शरीरावरचा उरलेला गोंगाट उलटा करून परत पाठवतो आणि तो दाबतो. हे सगळं अ‍ॅनालॉग. सेन्सर, अँटेना, मायक्रोफोन, गाडीच्या बॅटरीचं तापमान मोजणारं सर्किट, सगळीकडे बाहेरचं जग याच दारातून आत येतं. (असं सर्किट प्रोजेक्ट म्हणून करणाऱ्या मुलांना कळकळीचं सांगणं : ते बॅटरीवरच चालवा. वीजजोडणीला लावलेलं घरगुती सर्किट कधीही अंगाला जोडू नका.)

"इलेक्ट्रॉनिक्स म्हणजे टीव्ही-मोबाइल दुरुस्ती", "इलेक्ट्रिकल आणि इलेक्ट्रॉनिक्स एकच."

दुरुस्ती हे कौशल्य आहे आणि त्याचं वेगळं, चांगलं शिक्षण आयटीआयमध्ये मिळतं. पदवीत मुख्यतः नवं सर्किट आखायला शिकवतात. इलेक्ट्रिकलमध्ये वीज तयार करणं, वाहून नेणं आणि तिच्यावर यंत्रं चालवणं हा गाभा, तर इलेक्ट्रॉनिक्समध्ये विजेच्या आधारे माहिती पकडणं, बदलणं आणि पाठवणं. विजेवरच्या गाडीत दोन्ही एकत्र येतात, म्हणून पुण्याच्या वाहन उद्योगाला दोन्ही शाखांची माणसं लागतात.

मुलींना ही शाखा जड जाते, असं अजूनही काही घरांत म्हणतात. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत राजेश्वरी चॅटर्जी यांनी मायक्रोवेव्ह आणि अँटेनावर आयुष्यभर काम केलं, ते मुलींना इंजिनीअरिंगच्या वर्गात शोधावं लागे त्या काळात. आज हा प्रश्न विचारायचंही कारण उरलेलं नाही.

"चिपचे कारखाने येताहेत, नोकरी पक्की."

आता गेल्या काही वर्षांतली उलट्या बाजूची घाई. बातम्यांमुळे ई अँड टीसीकडे आणि 'व्हीएलएसआय' (म्हणजे चिप डिझाइन) नाव असलेल्या नव्या शाखांकडे ओढा वाढला आहे. या बातम्यांतल्या गोष्टी वेगवेगळ्या आहेत. गुजरातेत साणंदला २०२३मध्ये मंजुरी मिळालेला मायक्रॉनचा प्रकल्प चिपची जुळणी, चाचणी आणि पॅकेजिंग करण्यासाठी आहे. सिलिकॉनच्या चकतीवर चिप घडवणारा फॅब तो नव्हे. धोलेऱ्याला टाटा इलेक्ट्रॉनिक्स आणि तैवानची पीएसएमसी यांचा प्रकल्प फॅबचा आहे, त्याला फेब्रुवारी २०२४मध्ये मंजुरी मिळाली. फॅब उभा राहायला वर्षं लागतात, आणि तिथे इलेक्ट्रॉनिक्सच्या बरोबरीने केमिकल, मटेरियल्स आणि मेकॅनिकलचे इंजिनीअर लागतात.

भारतात चिपचं डिझाइन मात्र नवं नाही. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने १९८५मध्येच बंगळुरूला केंद्र काढलं. आज बंगळुरू, हैदराबाद, नोएडा आणि काही प्रमाणात पुण्यातही हे काम चालतं. त्यातला मोठा वाटा व्हेरिफिकेशनचा, म्हणजे आखलेलं सर्किट हजारो परिस्थितींत बरोबर वागतं का हे तपासण्याचा. त्यासाठी डिजिटलचा पाया, चिकाटी आणि भरपूर कोडिंग हवं. अनेक कंपन्या एम.टेक. झालेल्यांना पसंती देतात. केंद्र सरकारच्या २०२२च्या 'चिप्स टू स्टार्टअप' कार्यक्रमाचं उद्दिष्ट ८५,००० इंजिनीअर तयार करण्याचं आहे. म्हणजे संधी आहे आणि स्पर्धाही आहे. मी मुलांना व्यापक ई अँड टीसी घेऊन व्हीएलएसआय हा जादा विषय म्हणून जोडायला सांगते. अठराव्या वर्षी एका अरुंद गल्लीत शिरायची घाई कशाला?

आणि टेलिकॉम म्हणजे फक्त फोन कंपन्या नव्हेत. जुन्नर तालुक्यात खोडदजवळ जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे : प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, साधारण २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या. आकाशातून येणारा अत्यंत क्षीण संकेत पकडायचा, कमीत कमी गोंगाटात वाढवायचा, ऑप्टिकल फायबरने मध्यवर्ती केंद्रात आणायचा आणि तीसही अँटेनांचे संकेत वेळेत जुळवायचे. हा आमच्या चार वर्षांचा जवळजवळ संपूर्ण अभ्यासक्रम आहे. विश्वात अतिशय कमी वारंवारतेच्या गुरुत्वीय लहरी असल्याचे पुरावे २०२३मध्ये जाहीर झाले, त्यात या दुर्बिणीच्या निरीक्षणांचा वाटा होता. अकरावीतल्या मुलाला ही शाखा दाखवायची असेल तर राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास त्याला तिकडे घेऊन जा.

"कॉलेज मोठं नसेल तर उपयोग नाही."

मोठ्या कॉलेजचा फायदा असतो, तो नाकारत नाही. पण या शाखेत मुलगा घडतो तो लॅबमध्ये. बऱ्याच ठिकाणी प्रॅक्टिकल म्हणजे तयार ट्रेनर किट : पॅच कॉर्ड जोडा, रीडिंग घ्या, जर्नल भरा, सही घ्या. सर्किट आत डब्यात बंद. त्यात चुकायला वाव नाही, म्हणून शिकायलाही नाही. ब्रेडबोर्डवर स्वतः जुळवलेलं सर्किट पहिल्यांदा क्वचितच चालतं. ग्राउंड सुटलेला असतो, रेझिस्टर चुकीचा असतो, प्रोब दहापटीवर असतो. तो दोष शोधताना जो तास जातो, त्यातच माणूस इंजिनीअर होतो. मायक्रोकंट्रोलरचा बोर्ड आज काही शे रुपयांत मिळतो. पीसीबी आखायला कीकॅड आणि सर्किट तपासायला आयआयटी मुंबईचं ई-सिम, दोन्ही मोफत. एनपीटीईएलवर देशातल्या उत्तम प्राध्यापकांची व्याख्यानं आहेत. लहान गावातल्या कॉलेजचा विद्यार्थी यावर पुष्कळ पुढे जाऊ शकतो, आणि जातो.

तेव्हा पालकांनो, ऑप्शन फॉर्म भरण्याआधी कॉलेजचं प्रवेशद्वार नको, लॅब पाहा. ऑसिलोस्कोप किती आहेत आणि एका टेबलावर किती मुलं बसतात, प्रॅक्टिकल ब्रेडबोर्डवर होतं की किटवर, तासांनंतर लॅब उघडी असते का, हे तिसऱ्या वर्षातल्या मुलांना विचारा. लॅब दाखवायलाच जे कॉलेज तयार नसेल, त्याला यादीत खाली टाका.